निष्ठेची खतावणी

नवीन पनवेलच्या माझ्या घरापासून पळस्पे फाटा रिक्षाने फार लांब नाही. तिथून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावातला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यामुळे नोव्हेंबर जवळ आला की आमच्या परिसरात फडक्यांवर व्याख्याने होतात, आणि कुठल्याही विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माझ्यासारख्यालाही त्या दिवसांत बोलावणे येते. मी शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात पंचवीस वर्षे काढली आणि इतिहास शिकलो तो हार्बर लाइनच्या गाडीत, पनवेल ते सीएसएमटी जाता-येता.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका व्याख्यानात मी म्हणालो, ‘रामोशी पैशाच्या लोभाने आले आणि पैशाच्या लोभानेच पांगले, म्हणून बंड फसले.’ वाक्य माझे नव्हते, शाळेपासून ऐकत आलेले होते. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त गृहस्थ जवळ आले. मूळचे पुरंदर तालुक्यातले, रामोशी समाजातले. आवाज न चढवता त्यांनी विचारले, “सर, मग दौलतराव नाईक कोणत्या रकान्यात घालायचे?”

मला उत्तर सुचले नाही. दौलतराव नाईक फडक्यांच्या बंडातले रामोशी पुढारी. मे १८७९ मध्ये त्यांनी घाट उतरून आमच्याच पळस्प्यावर आणि चिखलीवर धाड घातली. लुटीचा आकडा दीड लाखाच्या आसपास सांगतात. परत घाटमाथ्याकडे जाताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि ते गोळीला बळी पडले. लोभाने पांगलेल्या माणसाचे मरण असे नसते. हिशेबनीस म्हणून मला त्या प्रश्नातला ‘रकाना’ हा शब्दच जास्त लागला. हा रकाना मुळात आखला कोणी, याचा शोध घेता घेता मी जिथे पोहोचलो ते ठिकाण पळस्प्यापासून समुद्रमार्गे सोळाशे-सतराशे मैल दूर होते. ते म्हणजे एडन. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

आधी घरचे पाहू. रामोशी लोभी, हे मत पहिल्यांदा फडक्यांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आले. ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते, लिहिण्याची सवय मुरलेली. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीच्या दरोड्याने बंडाला सुरुवात झाली. त्या धामधुमीतही त्यांनी दैनंदिनी ठेवली आणि आत्मचरित्र लिहिले. साथीदारांचे लक्ष लुटीच्या वाटणीवर आहे, देशकार्यावर नाही, अशी कडवट तक्रार त्यात आहे. हे कागद सरकारच्या हाती पडले, खटल्यात त्यांचा पुरावा झाला, आणि मुंबई सरकारने १९५७ साली छापलेल्या स्वातंत्र्य चळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात आज कोणालाही ते वाचता येतात. म्हणजे बंडखोराने आपल्याच माणसांविषयी रागाच्या भरात लिहिलेले टिपण सरकारसाठी आयती खबर ठरले.

पण सरकारकडे रामोशांची वही त्याआधीच तयार होती. उमाजी नाइकांचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने १८३३ साली मुंबईत रामोशी जमातीवर एक पुस्तक छापले. उमाजींना पुण्यात फाशी झाली ३ फेब्रुवारी १८३२ ला, म्हणजे पुस्तक पुढच्याच वर्षी आले. त्याआधी कैदेतल्या उमाजींशी मॅकिंटॉशने सविस्तर बोलून घेतले होते. जमातीचे मूळ, आडनावे, चालीरीती, कोणाचे कोणाशी वैर, कोण कोणाचा सोयरा, कोणाला काय दिले म्हणजे तो सरकारकडे राहतो, असा तो सगळा ऐवज. मानववंशशास्त्र म्हणून तो उत्तम आहे, यात वाद नाही. पण लिहिणारा फौजेतला होता आणि पुढच्या वेळी कोणाकडून कोणाला पकडून आणायचे, हे कळण्यासाठी लिहीत होता. उमाजी सापडले तेही दहा हजार रुपये आणि जमीन असे इनाम जाहीर झाल्यावर. त्या पुस्तकातून सरकारने घेतलेला धडा साधा होता: या लोकांची निष्ठा विकत मिळते, किंमत तेवढी माहीत हवी.

आता एडन. जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर फडक्यांना जानेवारी १८८० मध्ये तिथे नेले, हे आपण सगळे वाचतो. अंदमान सोडून एडन का, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारत नाही. एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होते. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी तसेच एडन. कागदपत्रे मुंबईला येत, अधिकारी मुंबईहून जात. १९३२ पर्यंत हा कारभार मुंबईकडे होता. १९३७ मध्ये एडन हिंदुस्थानपासून वेगळे होऊन थेट लंडनच्या ताब्यात गेले. मी एडनचे कागद काढले ते फडक्यांसाठी, आणि अडकलो भलत्याच गोष्टीत. त्या कागदांत कैद्यांपेक्षा शेखच जास्त होते.

१९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन स्टॅफर्ड हेन्सने एडन जिंकले. हा हेन्स मुंबईच्या आरमारातला. बंदर हाती आले तरी बंदराला लागणारे पाणी, भाजी, वैरण, लाकूड हे सगळे बाहेरच्या अरब मुलखातून येणार होते. एडन म्हणजे समुद्रात घुसलेला ज्वालामुखीचा खडक. त्याला जमिनीशी जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी, आणि पट्टीपलीकडे जमातींचा देश. लाहेजचा अब्दाली सुलतान, पूर्वेला फदली, त्यापुढे औलकी, उत्तरेला यमनच्या वाटेवर हौशबी, पश्चिमेला सुबैही. एडन गमावलेल्या लाहेजच्या सुलतानाशी हेन्सने तह केला आणि महिन्याला ५४१ मारिया थेरेसा डॉलर ठरवून दिले. तहाची शाई वाळते न वाळते तोच सुलतानाच्या माणसांनी एडनवर हल्ले केले. तनखा बंद झाला, मग काही वर्षांनी पुन्हा सुरू झाला. हेन्सची पगारी माणसे लाहेजच्या दरबारात होती. कोणता शेख कोणाला भेटला, कोणाचे पत्र कुठे गेले, हे त्याला बसल्या जागी कळे. पंधरा वर्षे त्याने एडन असे चालवले.

त्याच्या शेवटाबद्दल एक हिशेबनीस म्हणून मला सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५४ मध्ये एडनच्या तिजोरीत मोठी तूट निघाली आणि हेन्सला मुंबईला बोलावून त्याच्यावर खटला भरला. ज्युरीने अफरातफरीच्या आरोपातून त्याला सोडले, पण सरकारचे देणे म्हणून मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षे ठेवले. १८६० मध्ये तो सुटला आणि मुंबई बंदरातल्या जहाजावरच मेला. जमातींची निष्ठा विकत घेणारा माणूस साध्या जमाखर्चात बुडाला.

हेन्स गेला तरी त्याची पद्धत राहिली आणि ती हळूहळू वहीत बसली. १८८६ मध्ये एडनमधले दोन अधिकारी, हंटर आणि सीली, यांनी एडनच्या आसपासच्या अरब जमातींवर एक ग्रंथ तयार केला. तो मुंबईच्या सरकारी छापखान्यात छापला गेला आणि १९०९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तो पहिल्यांदा वाचताना मला सारखे वाटत होते की हे आपण आधी कुठेतरी वाचले आहे. मग लक्षात आले, हा तर मॅकिंटॉशच. जमातीचा मुलूख, पोटशाखा, प्रमुखांचे वंशवृक्ष, आपसातली वैरे, आणि पाठीमागे करारांच्या प्रती. पुरंदरच्या डोंगरात सुरू झालेला लिखाणाचा एक प्रकार पन्नास वर्षांनी अरबस्तानाच्या किनाऱ्यावर उतरला होता. हंटरने मॅकिंटॉश समोर ठेवून लिहिले असे मी म्हणणार नाही. एकाच सरकारच्या कचेरीत एकच सवय वाढते, एवढेच.

वहीच्या एका टोकाला तर आपलेच लोक भेटतात. पेशवाईत आणि नागपूरकरांकडे चाकरीला असलेले अरब शिपाई आपल्याला ठाऊक आहेत. १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यात त्यांनी इंग्रजांना महिनाभर झुंजवले. यातले कित्येक एडनच्या पूर्वेकडच्या हद्रामौतचे. मराठी राज्ये गेल्यावर ही चाकरी मुख्यतः निजामाकडे उरली. हैदराबादेत जमादार म्हणून पैसा केलेल्या कुऐती घराण्याने त्याच पैशावर हद्रामौतचा किनारा ताब्यात घेतला आणि १८८८ मध्ये एडनशी संरक्षणाचा करार केला. म्हणजे एकाच घराची नोंद हैदराबादच्या रेसिडेन्सीतही आणि एडनच्या रेसिडेन्सीतही. फडके शेवटच्या महिन्यांत निजामाच्या मुलखात जाऊन इस्माइल खान या रोहिल्याच्या मध्यस्थीने भाडोत्री शिपाई जमवत होते, तो हाच बाजार. या बाजारात काय चालले आहे याची खबर इंग्रजांना आणि निजामाच्या पोलिसांना नेहमीच असे. जुलै १८७९ मध्ये देवर नावडगीला फडके पकडले गेले, तेव्हा डॅनियलबरोबर हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक होते.

या वहीची परीक्षा झाली ती महायुद्धात. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले. यमनमध्ये तुर्की फौज होती, एडन मुंबई सरकारचे, आणि दोघांच्या मध्ये वहीतल्या जमाती. कागदावर चित्र चांगले होते. बहुतेक प्रमुख करारात बांधलेले, तनखे चालू, मानाप्रमाणे तोफांच्या सलाम्या ठरलेल्या. शिवाय एप्रिल १९१५ मध्ये उत्तरेकडच्या असीरच्या इद्रिसीशी तुर्कांविरुद्ध नवा करारही एडननेच केला.

जुलैच्या पहिल्याच आठवड्यात तुर्की सेनापती अली सईद पाशा लाहेजवर चालून आला. त्याच्या वाटेवर हौशबींचा मुलूख होता. हौशबी सुलतान एडनचा तनखेदार. तो तुर्कांना मिळाला. एडनच्या कागदांत ही सरळसरळ फितुरी आहे. पण नकाशा समोर ठेवून पाहा. तुर्कांची फौज त्याच्या दारातून जाणार होती. एडनची मदत लाहेजच्याही मागे, पन्नास मैलांवर. त्याच्या विहिरी, त्याची गुरे, त्याची माणसे पहिल्या दिवशी तुर्कांच्या हाती लागणार होती. तनख्याची रक्कम वहीत होती. विहिरी कुठे आहेत तेही असेल, पण विहिरी आणि निष्ठा यांचा गुणाकार कोणी केलेला नव्हता.

लाहेज वाचवायला एडनहून फौज निघाली, ऐन जुलैच्या उन्हात. एडन ते लाहेज वाळूतले अंतर पंचवीस मैलांच्या आसपास. वेल्सचे गोरे शिपाई वाटेत उष्माघाताने पडू लागले, हिंदी शिपायांचेही हाल झाले. पाणी आणि दारूगोळा उंटांवर होता. उंटवाल्यांनी वाटेतच उंट फिरवले आणि ते सामानासकट नाहीसे झाले. लाहेजला पोहोचलेली तुकडी थकलेली, तहानलेली आणि अपुरी होती.

या उंटवाल्यांपाशी मी बराच काळ थांबलो. हंटर आणि सीलीच्या ग्रंथात सुलतान आहेत, त्यांचे पुतणे-चुलते आहेत, दीडशे वर्षांची वंशावळ आहे. उंटवाला त्यात नाही. त्याला कोणी तनखा दिला नव्हता, त्याच्याशी करार नव्हता. लढाई हरली तर त्याचा उंट जाणार, म्हणजे त्याच्या घरची सगळी जिनगानी. त्याने ती वाचवली. आणि त्या रात्री फौजेचे भवितव्य सुलतानांपेक्षा त्याच्या हाती जास्त होते.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली. अब्दाली सुलतान अली बिन अहमद खरोखरच इंग्रजांच्या बाजूने उभा होता. त्याची माणसे तुर्कांशी लढली होती. लाहेज पडताना तो अंधारात इंग्रजांच्या चौकीकडे येत होता, आणि चौकीवरच्या शिपायांनी शत्रू समजून गोळी झाडली. काही दिवसांनी तो एडनमध्ये मरण पावला. सगळ्या वहीत ज्याच्या नावापुढे निःशंक ‘मित्र’ लिहिता आले असते, तोच मित्रांच्या गोळीने गेला. वही रेसिडेंटच्या टेबलावर होती आणि पहारा शिपायाचा.

एडनला पाणी पुरवणारे शेख उस्मान गावही तुर्कांनी घेतले. इजिप्तहून जनरल यंगहजबंडची ब्रिगेड आली तेव्हा २१ जुलैला ते परत मिळाले. लाहेज मात्र महायुद्ध संपेपर्यंत तुर्कांकडेच राहिले. मजा अशी की या साडेतीन वर्षांत लाहेजचा माल एडनच्या बाजारात येतच होता आणि अली सईद पाशा त्यावर जकात घेत होता. जमातींनी दोन्हीकडे संबंध ठेवले. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला दुटप्पीपणा म्हटले. ज्यांच्या शेतावरून दोन साम्राज्यांची हद्द जाते त्यांनी दुसरे काय करायचे असते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

हे एडनपुरते नव्हते. त्याच १९१५ च्या एप्रिलमध्ये बसऱ्याजवळ शैबा येथे पुणे डिव्हिजनची लढाई झाली. तिच्यात ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण होती, म्हणजे आपल्या सातारा-रत्नागिरीकडची पोरे. तुर्कांच्या बाजूने हजारो अरब टोळीवाले जमले होते, जिहादची हाक दिलेली होती. तुर्कांचा मोड झाला आणि याच टोळ्यांनी पळणाऱ्या तुर्कांना लुटले. तुर्की सेनापतीने आत्महत्या केली. इंग्रजांनी यातून निष्कर्ष काढला की अरब जिंकणाऱ्याच्या बाजूने असतो. हा निष्कर्ष पुढे कूतला महागात पडला. तिथे जिंकणारे इंग्रज उरले नाहीत, आणि २९ एप्रिल १९१६ ला पुणे डिव्हिजन शरण गेली.

मग कैरोचा अध्याय. १९१६ च्या सुरुवातीला कैरोत ‘अरब ब्यूरो’ स्थापन झाला. लॉरेन्स आणि हॉगार्थ ही त्यातली प्रसिद्ध नावे, बसऱ्याहून गर्ट्रूड बेल माहिती पाठवत असे. ६ जून १९१६ ला त्यांच्या ‘अरब बुलेटिन’चा पहिला अंक निघाला. मोजक्या प्रती, मोजक्या अधिकाऱ्यांसाठी, गुप्त. चारच दिवसांनी, १० जूनला, मक्केत शरीफ हुसैनने तुर्कांविरुद्ध बंड पुकारले. हिंदुस्थान सरकारला हे प्रकरण पसंत नव्हते. खलिफाविरुद्ध बंडाला इंग्रजांनी चिथावले असे दिसले तर हिंदी मुसलमान बिथरतील, ही सिमल्याची भीती. हजची जहाजे मुंबईहूनच सुटत होती, तेव्हा ती भीती अगदीच हवेतली नव्हती.

ते बुलेटिन आज घरबसल्या वाचता येते. कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरांसोबत ते खुले केले आहे. मानखुर्दच्या खाडीपुलावर मोबाइलची रेंज जाते, तेवढा वेळ सोडला तर मी ते गाडीतच वाचले. अमुक शेख शरीफकडे झुकलेला, तमुक डळमळीत, फलाण्याला सोने पोहोचले पण माणसे आली नाहीत. लिहिणारे मॅकिंटॉशपेक्षा कितीतरी चतुर आहेत, अरबी जाणणारे आहेत, काही तर खरोखर प्रेमाने लिहितात. कधी कधी त्यांना उंटवालाही दिसतो. एखादी जमात आपल्या कुरणाच्या आणि विहिरींच्या हद्दीपर्यंतच लढते, पुढे दुसरी जमात सुरू होते, हे लॉरेन्सला कळले आणि त्याने बंडाची आखणी त्यावर केली. त्याचे यश यात बरेच आहे. तरी सोन्याची थैली होतीच. महिन्याला लाखाहून जास्त पौंड हिजाजकडे जात होते.

एक रकाना मात्र या साऱ्या वह्यांत कुठेच नाही: खुद्द सरकारची निष्ठा. हुसैनला अरब राज्याचे आश्वासन देणाऱ्यांनीच मे १९१६ मध्ये सायक्स-पिको करारात त्या मुलखाची फ्रान्सबरोबर वाटणी करून ठेवली होती, बंडाच्या महिनाभर आधी. हुसैन कोणाकडे झुकतो हे लिहून ठेवणारे बरेच होते.

एडनच्या वहीचा सर्वांत मोठा जाणकार होता हॅरल्ड जेकब. तो वर्षानुवर्षे एडनच्या राजकीय खात्यात होता, जमातींची नावे त्याला तोंडपाठ. १९१७ मध्ये एडनची राजकीय सूत्रे मुंबई-सिमल्याकडून काढून घेतली गेली आणि जेकब सल्लागार म्हणून कैरोला गेला. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये यमनच्या इमामाला भेटायला त्याचे शिष्टमंडळ निघाले. वाटेत बाजिल गावी कुहरा जमातीने ते अडवले आणि महिनोन्‌महिने अडकवून ठेवले. शेवटी जेकब इमामाची भेट न घेताच परत फिरला. त्यानंतर त्याने अरबस्तानावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. मी ते वाचले, माहिती प्रचंड आहे.

फडके एडनच्या तुरुंगातून एकदा निसटले होते. दार बिजागऱ्यांतून उखडून बाहेर पडले, पण त्या चिंचोळ्या भूशिरावरून एकटा, भाषा न येणारा माणूस जाणार कुठे? ते लवकरच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचे निधन झाले. आपल्या टिपणात त्यांनी रामोशांना दिलेला दोष शेवटपर्यंत तसाच राहिला, खोडायला ते परत आले नाहीत.

दुष्काळ १८७६-७७ चा. रामोशांची गावराखणीची आणि किल्ल्यांवरची कामे कंपनी सरकार आल्यापासूनच गेलेली. लुटीतला वाटा घरी पोहोचला नाही तर चूल पेटत नव्हती. तो वाटा मागणे आणि फितूर होणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढे लाहेजच्या वाटेवर मी पाहिले होते. मागच्या वर्षी त्याच गावी पुन्हा बोलावणे आले तेव्हा ते जुने वाक्य मी घेतले नाही, आणि का घेतले नाही ते सांगितले. पुरंदरचे ते गृहस्थ समोरच बसले होते. कार्यक्रमानंतर चहा घेताना त्यांनी माझी वही मागितली, पळस्प्याच्या धाडीचे पान काढले आणि दौलतरावांच्या नावापुढे मी ‘नाईक’ लिहायचे विसरलो होतो, ते आपल्या पेनाने लिहिले.